अंगावरून वारं

पहिल्या दिवशी ओरेस्टनं मला हूक दाखवला नाही, विंच दाखवली नाही.
अकरा नंबरच्या हायवेवर, रेजायनापासून तासाभरावर,
उणे एकतीसमध्ये कडेला उभं केलं
आणि म्हणाला, थांब. नुसती थांब.
धान्य भरलेला एक ट्रक आला, गेला.
माझी टोपी चरात.
छातीतला श्वास ट्रकच्या मागे शंभर पावलं गेला
आणि काही विसरल्यासारखा परत आला.
"कळलं?" ओरेस्ट म्हणाला. "आता हूक बघ."

अंगावरून वारं जाणं
हा आमच्या धंद्यात आजार नाही.
दिवसातून दोनशेदा जातं, आम्ही चालते-बोलते राहतो,
संध्याकाळी बटाट्याचं सूप पितो.

रस्त्याला पाठ दाखवू नकोस, तो म्हणायचा,
रस्ता आणि उधारी नेणारा माणूस, दोघांवर नजर हवी.
मार्चमधल्या एका मंगळवारी
कुणा म्हातारीच्या गाडीखाली साखळी अडकवताना
त्यानं पाठ केली.
साखळी गोठली होती, दोन्ही हात लागत होते.
एवढंच.

स्टेफानिया त्याचं जाकीट घेऊन विधानभवनात गेली.
धुतलेलं नव्हतं.
टेबलावर ठेवलं तेव्हा एका सदस्यानं
आपला कॉफीचा कप जरा बाजूला सरकवला.
ती म्हणाली, बघा,
जमतं की.

मग कायदा झाला.
कडेला दिवे लुकलुकत असतील तर वेग साठ,
जमेल तिथे पलीकडची लेन.
कलमात ओरेस्टचं नाव नाही.
"कर्मचारी" असा एक शब्द आहे, त्यात तो मावतो,
कॅबमध्ये मावायचा तसा, गुडघे स्टिअरिंगला टेकवून.

आणि मी?
सांगते.
गेल्या नोव्हेंबरात, सुट्टीचा दिवस, घरची गाडी,
कोडीची हॉकीची मॅच, आम्हाला उशीर,
आणि मागच्या सीटवरून तो सांगत होता की मोजे घरीच राहिले.
कडेला लाल-निळे दिवे होते. मी पाहिले.
पाहिलेच नाहीत असं म्हणायची सोय नाही.
पाय ब्रेककडे गेला नाही.

पुढे थांबवलं. बेअरडी नावाचा तरुण हवालदार,
त्याच्या दोन गाड्या मीच चरातून ओढून काढल्यात.
त्यानं लायसन्स पाहिलं, मग मला.
"ब्याण्णव," म्हणाला.
आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं.
खिडकीशी वाकून तो लिहीत होता
तेवढ्यात एक पिकअप गेली, अगदी लागून.
गाडी हलली. कागद उडाला.
मागे कोडी मोज्यांचं बोलायचा थांबला.
पाहते तर माझ्या मुठीत त्या पोराची बाही,
मी कधी धरली ते आठवत नाही,
आणि तो सोडवून घेत नव्हता.

दंड भरला. पावती ट्रकमध्ये आहे,
ऊन अडवायच्या झडपेला चिमट्यानं लावलेली.
झडप खाली केली की दिसते. इथे ऊन कमीच.

रात्री काम करताना एक ध्यानात आलंय.
जवळून जाणाऱ्यांची तोंडं दिसतात:
दातात धरलेला डोनट, मांडीवरच्या फोनचा उजेड,
एकदा तर चांगली लांबलचक जांभई.
ज्यांनी बाजू दिली त्यांची तोंडं
मला एकदाही दिसलेली नाहीत.
दूर पलीकडे दोन दिवे हळू होतात, सरकतात,
बर्फ उडतं ते माझ्यापर्यंत पोचत नाही,
आणि मागचे लाल ठिपके सास्काटूनच्या दिशेनं बारीक होत जातात.
कुणी माझी बाजू घ्यावी असं म्हणणं नाही.
नुसती द्यावी.

मी हात वर करते, तेवढंच.
हातात बहुतेक वेळा पाना असतो,
तिथून पाहणाऱ्याला वाटत असेल
ही बाई कुणाला तरी मारायला धावतेय.